शाळेत गाडी नको, रस्ता शिकवा



जानेवारी महिना आला की शाळाशाळांतून रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम होतात. निबंध लिहिले जातात, घोषवाक्यांचे फलक रंगवले जातात, प्रभातफेरी निघते, प्रतिज्ञा होते. कार्यक्रम संपले की फलक कपाटामागे जातात. मग एखाद्या पालकसभेत कोणीतरी उठून विचारते, "वर्षातून एकदा हा सोहळा करण्याऐवजी शाळेत हा विषयच का ठेवत नाही? आणि नुसते नियम कशाला? मुलांना गाडी चालवायलाही शाळेनेच शिकवावे. नाहीतरी ती चालवतातच!"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दुहेरी आहे, असे मला वाटते. रस्त्याचे शिक्षण शाळेत अवश्य द्यावे, आणि ते गणित-विज्ञानाइतक्या गांभीर्याने द्यावे. गाडी चालवायला मात्र शाळेने शिकवू नये. असे का म्हणतो ते पुढे सांगतो. पटते का, ते तुम्ही स्वतः तपासून पाहा.

प्रश्न केवढा आहे?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. २०११च्या जनगणनेत आपल्या मालेगाव शहराची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे जवळजवळ सगळे मालेगाव एका वर्षात जखमी व्हावे, एवढा हा आकडा आहे. मृतांपैकी ९,५२८ जण अठरा वर्षांच्या आतले होते. साठ मुलांचा एक वर्ग धरला, तर सुमारे १५९ वर्ग एका वर्षात रिकामे झाले! जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण कोणताही रोग नसून रस्त्यावरील अपघात हे आहे. देवीचा रोग जगातून हटला, पोलिओ आपल्या देशातून गेला. पण ही साथ अजून चालूच आहे.

आपल्या गावाकडे पाहा. जुना आग्रा रस्ता शहराच्या मधून जातो आणि मोठा महामार्ग कडेने. मागाची पाळी सुटली की सायकलींचे थवेच्या थवे रस्त्यावर येतात. कांद्याच्या हंगामात मुंगसे आणि उमराण्याच्या बाजाराकडे ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. त्यांतल्या कित्येक ट्रॉल्यांना मागे ना दिवा असतो, ना चकाकणारी पट्टी. मनमाड आणि सटाण्याच्या एस.टी. गाड्या, रिक्षा, हातगाड्या, ट्रक, शेळ्यामेंढ्या यांची एकच गर्दी. याच गर्दीतून शाळा सुटल्यावर तुम्ही घरी जाता. कोणी पायी, कोणी सायकलवर आणि, लपवून काय उपयोग, कोणी वडिलांची मोटारसायकल घेऊन, मागे दोन मित्र बसवून!

गाडी का शिकवू नये?

पहिले कारण कायद्याचे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवता येत नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना एक सवलत आहे, पण ती ५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीपुरती, आणि तिलाही परवाना लागतोच. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोलच्या स्कूटर १०० सी.सी.च्या वरच्या आहेत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. दहावीतल्या मुलाच्या हाती किल्ली देणारे वडील लाड करत नसतात, स्वतःसाठी आणि मुलासाठी केवढी जोखीम पत्करत असतात, हे घरी जरूर सांगा.

पण कायदा बदलता येतो. म्हणून मला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते प्रयोगातून आलेले आहे. "शाळेत शिकवले तर मुले नीट गाडी चालवतील" हे विधान ऐकायला खरे वाटते. परंतु विज्ञानात ऐकायला खरे वाटणे पुरेसे नसते. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते, हेही शतकानुशतके खरे वाटत होते!

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील डीकाल्ब परगण्यात १९७०च्या दशकाच्या अखेरीस याच विधानाची मोठी परीक्षा घेण्यात आली. माध्यमिक शाळांतील सुमारे १६ हजार विद्यार्थ्यांची तीन गटांत विभागणी केली. कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे योगायोगावर सोपवले होते. एका गटाला गाडी चालवण्याचे सविस्तर आणि उत्तम शिक्षण दिले, दुसऱ्याला परवान्यापुरते थोडके दिले, तिसऱ्याला शाळेने काहीच शिकवले नाही. मग पुढे या मुलांच्या अपघातांची मोजणी केली. सुरुवातीच्या काही महिन्यांत शिकलेल्या मुलांचा किंचित फायदा दिसला, पण तो टिकला नाही. वैद्यकीय प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००१ साली अशा सर्व प्रयोगांची छाननी केली. तिचा निष्कर्ष असा, की शाळेतील वाहनशिक्षणाने अपघात कमी होतात याला पुरावा नाही. उलट अशा शिक्षणामुळे मुले परवाना लवकर घेतात आणि लवकर रस्त्यावर येतात.

असे का व्हावे? क्लच, गिअर, ब्रेक हाताळणे ही काही आठवड्यांत येणारी कला आहे. पण उभ्या बसच्या पुढून कोणीतरी धावत येईल, गल्लीच्या तोंडातून चेंडू आला की पाठोपाठ मूल येणार, हे आधीच ओळखणे वर्षानुवर्षांच्या सवयीने आणि वयाने येते. शाळेने पहिली गोष्ट शिकवली, की दुसरीही आली असा भ्रम होतो. हात तयार होतो, आत्मविश्वास वाढतो. सावधपणा मात्र तेवढा वाढत नाही.

तेव्हा जी गोष्ट चाचणीत उतरली नाही, तिच्यावर शाळेचा वेळ आणि पैसा का खर्चावा?

रस्ता ही भौतिकीची प्रयोगशाळा

मग शिकवायचे काय? राज्य मंडळाचे नववीचे विज्ञानाचे पुस्तक उघडा. पहिलाच पाठ 'गतीचे नियम' आणि दुसरा 'कार्य आणि ऊर्जा'. रस्ता सुरक्षेचे अर्धे शास्त्र या दोन पाठांतच भरलेले आहे! मात्र आपण उदाहरणे सोडवतो ती गुणांसाठी. अकरावीला माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांना समीकरणे तोंडपाठ असतात, पण "तुझी गाडी ताशी ५४ किलोमीटरने जात असेल, तर एका सेकंदात किती मीटर जाईल?" असे विचारले की वर्ग शांत होतो. उत्तर आहे १५ मीटर. म्हणजे एका सेकंदात साधारण दीड एस.टी. बस मावेल एवढे अंतर!

आता हे गणित माझ्याबरोबर करा. समोर धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत थोडा वेळ जातो. त्याला प्रतिक्रियाकाल म्हणतात. तो १ सेकंद धरू. एवढ्या वेळात गाडी पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते. त्यानंतर ब्रेक लागतात. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असतील, तर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद एवढा कमी होतो असे समजू. ब्रेक लागल्यावरचे अंतर वेगाच्या वर्गाला या ऋण त्वरणाच्या दुपटीने भागून मिळते. मग एकूण अंतर असे येते :

ताशी ३६ कि.मी. : १० + १० = २० मीटर
ताशी ५४ कि.मी. : १५ + २२.५ = ३७.५ मीटर
ताशी ७२ कि.मी. : २० + ४० = ६० मीटर

वेग दुप्पट झाला, पण थांबायचे अंतर तिप्पट झाले. कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आता खरा प्रश्न. दोन मोटारसायकली शेजारून चालल्या आहेत, एक ताशी ३६ च्या वेगाने, दुसरी ५४ च्या. बरोबर २० मीटर पुढे एक लहान मूल रस्त्यावर येते. पहिली मोटारसायकल मुलाच्या पुढ्यात येऊन थांबते. दुसरी मुलाला कोणत्या वेगाने धडकेल? बरेच जण म्हणतात, "दोघींच्या वेगात फरक १८ चा, म्हणजे ताशी १८ ने धडकेल." उत्तर चूक आहे. दुसरीचे १५ मीटर प्रतिक्रियाकालातच संपले. ब्रेक लावायला उरले फक्त ५ मीटर. वेगाचा वर्ग २२५, त्यातून ५० वजा केले की १७५ उरतात. त्याचे वर्गमूळ सुमारे १३.२ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी जवळजवळ ४८ किलोमीटर! पहिली गाडी जेथे थांबली, तेथे दुसरीचा वेग अजून फारसा कमी झालेलाच नाही. २०२२च्या सरकारी अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या पुढे 'अतिवेग' हे कारण का लिहिलेले आहे, हे या एका उदाहरणावरून कळते. "थोडाच वेग जास्त होता" या वाक्यातला 'थोडाच' हा शब्द भौतिकीला मान्य नाही.

पहिला पाऊस पडला की रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेल यांचा निसरडा थर तयार होतो, घर्षण घटते. ऋण त्वरण निम्मे झाले तर ब्रेकचे अंतर दुप्पट होते. हातात मोबाइल असेल, तर नजर दोन सेकंद खाली जाणे काहीच नाही. पण ताशी ५४ च्या वेगाला तेवढ्यात गाडी ३० मीटर आंधळी चालते.

हेल्मेटचेही तसेच. डोक्याला इजा होते ती ते फार थोड्या अंतरात थांबते म्हणून. समजा, डोके सेकंदाला ६ मीटर वेगाने रस्त्यावर आपटले. साधारण पावणेदोन-दोन मीटर उंचीवरून पडले तरी एवढा वेग येतो. उघडे डोके २ मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्याला गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९०० पट ऋण त्वरण सोसावे लागते. हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो. तो चुरडला जातो आणि डोक्याला थांबायला समजा २५ मिलिमीटर अंतर मिळते. आता तोच आकडा सुमारे ७३ पट होतो. बाहेरच्या कवचाइतकेच काम आतल्या चुरडणाऱ्या थराचे असते. म्हणून एकदा आदळलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते, आणि बारा महिने रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या पातळ टोपीला हेल्मेट म्हणायचे नसते. भारतीय मानक ४१५१ चा शिक्का पाहून घ्या. २०२२ साली हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून अधिक दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले प्रवासी आपल्या देशात दगावले. मागे बसणाऱ्यालाही जडत्वाचा नियम लागू असतो, आणि कायदाही.

कोणत्या इयत्तेत काय?

माझी सूचना अशी आहे. नवे पुस्तक नको, नवी परीक्षाही नको. आहे त्याच विषयांत रस्ता आणावा.

पाचवी ते सातवीत रस्ता ओलांडण्याचे शिक्षण प्रत्यक्ष रस्त्यावर, पाच-सहा मुलांच्या गटाने, शिक्षकांबरोबर द्यावे. पादचाऱ्यांच्या शिक्षणावरील प्रयोगांचा आढावाही कॉक्रेनने २००२ साली घेतला. त्यात असे दिसले, की अशा शिक्षणाने मुलांचे वागणे सुधारू शकते, पण काळाबरोबर परिणाम ओसरतो, म्हणून पुन्हा पुन्हा शिकवावे लागते. एका प्रभातफेरीने भागत नाही. याच इयत्तांत मुलांना एस.टी. आगारात न्यावे. उभ्या बसच्या चालकाच्या जागेवर बसवावे आणि मित्राला बसच्या अगदी पुढे, बाजूला आणि मागे उभे करावे. कोठे उभा राहिल्यावर मित्र दिसेनासा होतो, हे डोळ्यांनी पाहिलेले मूल पुन्हा बसच्या नाकासमोरून धावणार नाही.

आठवीत सायकल शिकवावी. शाळेने वाहन शिकवायचेच असेल तर ते सायकल! तिला परवाना लागत नाही, आणि डाव्या बाजूने चालणे, वळताना हात दाखवणे, चौकात थांबणे हे सगळे तीवर शिकता येते. ब्रेकचे रबर केव्हा बदलावे, मागचा लाल परावर्तक प्रकाश आला त्याच दिशेला परत कसा पाठवतो, हे प्रकाशाच्या पाठाबरोबरच दाखवावे. तो परावर्तक समजला, की कांद्याच्या ट्रॉलीला मागे चकाकणारी पट्टी का हवी, हे शेतकऱ्याचा मुलगाच घरी जाऊन सांगेल.

नववीत वर केले तसे गणित. दहावीत प्रथमोपचार आणि कायदा. अपघात दिसला तर १०८ ला फोन करावा, जखमीला उगाच हलवू नये, वाहता रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून धरावा. मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांना दिलेले संरक्षण २०१९च्या दुरुस्तीने कायद्यातच आले. "पोलिसांची कटकट नको" म्हणून बघ्यांची गर्दी नुसती उभी राहते. ती भीती घालवणे हेही शिक्षणच आहे. अनेक शाळांत आर.एस.पी. म्हणजे रस्ता सुरक्षा पथक आहे. त्या पथकाला केवळ संचलनात न ठेवता हे काम द्यावे.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने मागतो : मोजमाप. प्रश्नपत्रिकेतले गुण मोजून रस्ता सुरक्षेचे शिक्षण यशस्वी झाले की नाही, हे कळणार नाही. जूनमध्ये आठवडाभर शाळेच्या फाटकाशी मोजा : हेल्मेट घालून येणारे पालक किती, एका दुचाकीवर तिघे-चौघे किती, स्वतः गाडी चालवत आलेले विद्यार्थी किती. कोणाचे नाव लिहायचे नाही, नुसती संख्या. डिसेंबरमध्ये पुन्हा मोजा. आकडा हलला नाही, तर शिकवण्याची पद्धत बदला. डीकाल्बच्या प्रयोगातून घ्यायचा धडा हाच आहे.

दोन आक्षेप

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, त्यात हे कोठे बसवायचे? पण यात भर फारशी नाही, उदाहरणे तेवढी बदलायची आहेत. 'एक वस्तू स्थिर अवस्थेतून निघते' याऐवजी 'एक रिक्षा मोसम पुलावरून निघते' असे लिहिले, तर तास वाढत नाही; मुलांचे लक्ष मात्र वाढते.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो अधिक खडतर आहे. "शाळा सहा किलोमीटरवर, शिकवणी दुसऱ्या टोकाला, बस वेळेवर नाही. मुलगा गाडी नेणार नाही तर काय करणार?" ही अडचण खरी आहे, पण तिचे उत्तर परवाना नसलेला चालक हे नाही. शाळेच्या वेळेला बस मागणे, शिकवणीच्या वेळा जुळवून घेणे, सायकलसाठी सुरक्षित वाट मागणे, हे त्याचे उत्तर आहे. ग्रामीण भागातील मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. तो पास उपयोगी पडायला वेळेवर बस हवी. एका पालकाच्या अर्जाकडे दुर्लक्ष होऊ शकते. सगळ्या शाळेने आकडेवारीसह दिलेल्या अर्जाकडे ते होणे कठीण आहे.

आणि शिक्षणाने सगळेच सुटेल, असाही माझा दावा नाही. २८ जानेवारी २०२० रोजी आपल्या जवळच, मालेगाव–देवळा रस्त्यावर मेशी फाट्यापाशी एस.टी. बस आणि रिक्षा यांची टक्कर झाली आणि दोन्ही वाहने रस्त्याकाठच्या विहिरीत कोसळली. वीसहून अधिक माणसे गेली. त्या प्रवाशांपैकी कोणीही नियम पाठ केले असते, तरी ती विहीर तेथून हलली नसती. टक्कर झाली तरी माणूस जगावा, अशी रस्त्याची रचना असली पाहिजे. हा विचार स्वीडनच्या संसदेने १९९७ सालीच धोरण म्हणून स्वीकारला. चूक माणसाकडून होणारच; तिला मृत्युदंड नसावा, हे त्याचे सूत्र. कठडे, गतिरोधक, पदपथ, दिवे ही अभियंत्यांची आणि प्रशासनाची कामे आहेत, ती मुलांच्या प्रतिज्ञेवर ढकलता येणार नाहीत. मात्र कोठे कठडा हवा, हे मोजून, लिहून मागणारे नागरिक शाळेतच तयार होतात.

तुम्ही काय कराल?

मोठ्यांचा निर्णय होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दोन प्रयोग आजच करता येतील.

पहिला : मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायला सांगा. खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, तुमची बोटे न टेकता तयार ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. २० सेंटिमीटरवर पकडलीत, तर तुमचा प्रतिक्रियाकाल सुमारे ०.२ सेकंद. मग मित्राशी गप्पा मारत, पाढे म्हणत पुन्हा करा. आकडा किती वाढतो ते पाहा, आणि येथे तर पट्टी पडणार हे तुम्हाला ठाऊक होते! रस्त्यावर कोणी सूचना देत नाही.

दुसरा : शिक्षकांच्या देखरेखीखाली, शाळेच्या आवारातून किंवा गच्चीवरूनच, समोरच्या रस्त्यावरचे ५० मीटर अंतरावरचे दोन खांब निवडा. गाड्यांना ते अंतर कापायला किती सेकंद लागतात ते घड्याळाने मोजा. ५ सेकंद म्हणजे ताशी ३६ कि.मी.; ३.३ सेकंद म्हणजे ५४. पन्नास गाड्यांची नोंद करा, आलेख काढा, मुख्याध्यापकांना दाखवा. गतिरोधकाच्या मागणीला याहून चांगला पुरावा नाही.

गाडी शिकायला तुमच्यापुढे सारे आयुष्य पडले आहे. अठरा पूर्ण झाल्यावर ती महिनाभरात येईल. रस्ता मात्र आजच शिकायला हवा, कारण शाळा सुटल्यावर तो तुम्हाला ओलांडायचाच आहे.